हेन्री डायर : हातास बुद्धीची व बुद्धीस हाताची जोड देणारा गुरु



आपल्या गांवच्या लोहाराचा मुलगा पिढ्यान् पिढ्या आपली विद्या भात्यापाशीं बसून शिकत आला. लहानपणीं तो भाता ओढी, मोठा झाल्यावर घण उचली, आणि लोखंड कोणत्या रंगास आलें म्हणजे त्यावर घाव घालावा, हें त्याचा डोळाच त्याला सांगूं लागे. परंतु तापल्यानें लोखंड मऊ कां होतें, तापलेलें पोलाद पाण्यांत बुडविल्यानें कडक कां होतें, हें त्याला विचारलें तर तो बापाच्या तोंडाकडे पाही, आणि बाप आजाचें नांव सांगे. उलटपक्षीं, तालुक्याच्या शाळेंत शिकून आलेला मुलगा उष्णतेचे नियम घडाघड म्हणून दाखवी. पण त्याच्या हातीं सांडशी दिली तर तापलेला तुकडा त्याच्याच पायावर पडावयाचा. एकाजवळ हात होता पण कारण नव्हतें; दुसऱ्याजवळ कारण होतें पण हात नव्हता.

हीं दोन शिकवणीं एकत्र कशीं आणावीं, हा प्रश्न आपल्याच देशांतला आहे असें नव्हे. दीडशें वर्षांपूर्वीं तो युरोपांत होता, आणि जपानांत तर तो फारच निकडीचा होता. त्याचें एक चांगलें उत्तर एका साध्या कामकरी घरांतील तरुणानें, वयाच्या पंचविशीच्या आंत, बोटीच्या प्रवासांत कागदावर उतरविलें व पुढें तें करून दाखविलें. त्याचें नांव हेन्री डायर. जपानांतील यंत्रविद्येच्या शिक्षणाचा इतिहास त्याच्या नांवावांचून लिहितां येत नाहीं. त्याचें चरित्र आज थोडक्यांत सांगावयाचें आहे.

बालपण व उमेदवारी

हेन्रीचा जन्म १६ ऑगस्ट १८४८ रोजीं स्कॉटलंड देशांत, ग्लासगो शहरापासून थोड्या अंतरावर असलेल्या बेल्सहिल या गांवीं झाला. तो सारा मुलूख दगडी कोळशाचा व लोखंडाचा. शॉट्स या गांवीं लोखंडाचा मोठा कारखाना होता. त्या गांवच्या शाळेंत हेन्रीचें पहिलें शिक्षण झालें. पुढें १८६५ च्या सुमारास हें कुटुंब ग्लासगो शहरीं राहावयास गेलें, आणि हेन्री तेथील एका ओतकामाच्या व यंत्रें बनविण्याच्या कारखान्यांत उमेदवार म्हणून लागला.

त्या काळची उमेदवारी कशी असे, हें नीट समजून घेतलें पाहिजे. कारण पुढील सर्व हकीकत तिच्यावर उभी आहे. मुलगा कित्येक वर्षांच्या करारानें कारखान्यांत राही. जुन्या कारागिराच्या शेजारीं उभें राहावें, त्याचा हात कसा चालतो तें पाहावें, आणि आपला हात तसा चालवावा, एवढेंच शिक्षण. कानशीनें लोखंड सपाट करणें, छिन्नीनें तें तोडणें, लेथवर फिरवून त्याला आकार देणें, वाळूच्या सांच्यांत रस ओतणें, हीं कामें वर्षानुवर्षें करून अंगीं मुरत. त्यामागचें शास्त्र मात्र कोणी सांगत नसे, व बहुधा तें सांगणाऱ्यासही ठाऊक नसे. इंग्रज कारखानदारांस या रीतीचा मोठा अभिमान वाटे. आगगाडीच्या इंजिनानें नांव मिळविलेला जॉर्ज स्टीफन्सन हा अठरा वर्षांचा होईपर्यंत निरक्षर होता, हें उदाहरण त्यांच्या तोंडीं नेहमीं असे. पुस्तकें वाचणाऱ्या मुलाचे हात मऊ पडतात, अशी त्यांची समजूत होती.

युरोपखंडांतील इतर देशांत याच्या उलट प्रकार होता. फ्रान्स, जर्मनी व स्वित्झर्लंड या देशांनीं मोठमोठीं पॉलिटेक्निक विद्यालयें स्थापिलीं होतीं, व तेथें गणित, पदार्थविज्ञान व रसायन हे विषय उत्तम शिकविले जात. १८६७ सालीं पॅरिस येथें जगाचें मोठें प्रदर्शन भरलें. तेथें परीक्षक म्हणून गेलेले लायन प्लेफेअर नांवाचे शास्त्रज्ञ परत आले ते चिंता घेऊनच. इतर राष्ट्रें कारखानदारींत वेगानें पुढें येत आहेत, व त्याचें कारण त्यांच्या शाळा हेंच आहे, असें त्यांनीं आपल्या देशबांधवांस बजावलें.

त्याच्या पुढच्याच वर्षीं, १८६८ सालीं, मँचेस्टरचे प्रसिद्ध यंत्रकार जोसेफ व्हिटवर्थ यांनीं दरसाल १०० पौंडांच्या ३० शिष्यवृत्त्या ठेवल्या. पेचांचे आटे निरनिराळ्या कारखान्यांत निरनिराळ्या मापांचे असत. ते सगळीकडे एकाच मापाचे असावे, अशी योजना १८४१ सालीं मांडणारे ते हेच गृहस्थ. त्यांच्या शिष्यवृत्तीची अट लक्षांत ठेवण्यासारखी होती. गणित व यंत्रशास्त्र यांची परीक्षा तर द्यावीच लागे, पण त्याबरोबर हत्यारें हातीं घेऊन कामही करून दाखवावें लागे. ही शिष्यवृत्ति आरंभींच्या काळांत ज्या तरुणांस मिळाली, त्यांत हेन्री डायर हा एक होता.

त्याच्या अंगीं ही दुहेरी तयारी कोठून आली? दिवसां तो कारखान्यांत काम करी, आणि रात्रीं अँडर्सन कॉलेजच्या वर्गांस जाई. ही संस्था १७९६ सालीं जॉन अँडर्सन या प्राध्यापकाच्या मृत्युपत्रानुसार निघाली होती. तेथें शिकविणाऱ्या जॉर्ज बर्कबेक यांनीं एकदां एक उपकरण कारागिरांकडून करवून घेतलें. तें बनवितांना त्या कारागिरांनीं भोंवतीं जमून, हें कसें चालतें व कां चालतें, हें जाणण्याची जी उत्सुकता दाखविली, ती पाहून त्यांनीं १८०० सालीं कामगारांसाठीं मोफत व्याख्यानें सुरू केलीं. त्या परंपरेंतील वर्गांत हेन्री दिवसभराच्या कामानंतर जाऊन बसे. म्हणजे हात एकीकडे व बुद्धि दुसरीकडे, आणि दोहोंची गांठ घालावयाची ती थकल्या अंगानें, रात्रीं, दिव्याच्या उजेडांत. पुढें त्यानें जें केलें त्याचें बीज या अनुभवांत आहे.

रात्रीच्या वर्गांतील परदेशी तरुण

त्याच कॉलेजच्या रात्रीच्या वर्गांस त्या दिवसांत एक जपानी तरुण येत असे. त्याचें नांव यामाओ योझो. डायरनें त्याला पाहिलेलें होतें, पण दोघांची ओळख झालेली नव्हती.

या यामाओची कथा धाडसाची आहे. परवानगीवांचून देश सोडणाऱ्यास त्या काळीं जपानांत देहांत शासन होतें. तरीही १८६३ सालीं चोशू संस्थानांतील पांच तरुण सामुराई गुप्तपणें बोटीनें इंग्लंडला गेले. सामुराई म्हणजे तलवार बाळगणारा क्षत्रिय वर्ग. त्या पांचांत पुढें जपानचे पहिले मुख्य प्रधान झालेले इतो हिरोबुमी होते, व हे यामाओही होते. लंडन येथें कांहीं काळ शिकून यामाओ १८६६ सालीं ग्लासगोस आले. ते दिवसां नेपिअर यांच्या जहाजें बांधण्याच्या कारखान्यांत मजुरांबरोबर काम करीत, आणि रात्रीं वर्गांत बसत. ज्याच्या कमरेला जन्मतः तलवारीचा मान होता, त्यानें हातोडा धरला. कारण पाश्चात्त्य राष्ट्रांचें बळ कारखान्यांत आहे, हें त्यानें ओळखलें होतें.

१८६८ सालीं जपानांत मोठी राज्यक्रांति झाली व सम्राट मेइजी यांची सत्ता सुरू झाली. १८७० सालीं सार्वजनिक बांधकामाचें व उद्योगांचें नवें खातें निघालें. त्याच्याकडे आगगाड्या, तारायंत्र, दीपगृहें, खाणी व जहाजांच्या गोद्या सोंपविल्या गेल्या. परंतु हें सर्व चालविण्यास माणसें परदेशांतून आणावीं लागत, व त्यांस भारी पगार द्यावे लागत. आपल्याच मुलांस ही विद्या शिकविणारी शाळा काढावी, असा यामाओ यांनीं आग्रह धरला. ज्या देशांत कारखानेच नाहींत, तेथें कारखान्यांचें शिक्षण घेऊन मुलें करणार काय, अशी शंका पुष्कळांनीं काढली. यामाओ यांचें म्हणणें असें होतें कीं, आज उद्योग नसले तरी शिकलेलीं माणसें असलीं म्हणजे तींच उद्योग उभे करतील. आपण आपल्या मुलांच्या शिक्षणाचा विचार करतों तेव्हां हें उत्तर मनांत ठेवण्यासारखें आहे.

बोटीवर लिहिलेला अभ्यासक्रम

१८७२ सालीं जपानी सरकारचें मोठें शिष्टमंडळ इंग्लंडांत आलें. त्यांत इतो होते. नव्या शाळेसाठीं मुख्य गुरु कोण मिळेल, याची चौकशी करतां करतां गोष्ट ग्लासगो विद्यापीठाचे प्राध्यापक रँकिन यांच्यापर्यंत पोहोंचली. हेन्री डायर हा त्या वेळीं त्यांच्या हाताखालीं विद्यापीठांत शिकत होता. शिष्य अजून पदवीच्या उंबरठ्यावर होता, पण रँकिन यांनीं त्याचेंच नांव सुचविलें. १८७२ च्या डिसेंबरांत रँकिन वारले. शिष्याचें कार्य पाहण्याचें त्यांच्या नशिबीं नव्हतें.

१८७३ च्या वसंतऋतूंत डायरसाहेब कांहीं सहकाऱ्यांसह जपानला निघाले. वय २४ वर्षें. बोटीचा प्रवास सुमारें दोन महिन्यांचा. त्या अवधींत त्यांनीं नव्या कॉलेजचा संपूर्ण अभ्यासक्रम लिहून काढला : विषय कोणते, वर्षें किती, काय आधीं व काय मागून शिकवावें, परीक्षा कशा घ्याव्या. युरोपांतील निरनिराळ्या देशांच्या शिक्षणपद्धतींचा त्यांनीं पूर्वीं अभ्यास केलेला होता. झुरिक येथील पॉलिटेक्निक त्यांस विशेष पसंत होतें. परंतु त्यांत त्यांनीं ग्लासगोच्या कारखान्यांतील आपला अनुभव मिसळला.

जपानांत त्यांचें स्वागत करणारे अधिकारी यामाओ हेच होते. एकाच रात्रीच्या शाळेचे दोन विद्यार्थी, एक राज्याचा अधिकारी व दुसरा त्याच्या कॉलेजचा प्रिन्सिपल, असे पृथ्वीच्या दुसऱ्या टोंकास भेटले. दोघांनींही दिवसां हातोडा व रात्रीं पुस्तक अशी विद्या मिळविलेली होती; म्हणून आराखडा समजावून सांगण्यास फार शब्द लागले नाहींत. तो जवळजवळ जसाच्या तसा मान्य झाला, आणि त्याच वर्षीं टोकिओ शहरांतील तोरानोमोन या भागांत कॉलेजचे वर्ग सुरू झाले.

सहा वर्षांची रचना

आतां या कॉलेजांत शिकवीत कसें, तें पाहूं. शिक्षण सहा वर्षांचें होतें, व त्याचे दोन दोन वर्षांचे तीन भाग होते.

पहिलीं दोन वर्षें पाया घालण्याचीं. इंग्रजी भाषा, भूगोल, गणित, यंत्रशास्त्राचीं मूलतत्त्वें, पदार्थविज्ञान, रसायन व रेखाटन हे विषय सर्वांस शिकावे लागत. रेखाटनास मोठें महत्त्व होतें. कारखान्यांत नकाशा हीच भाषा. वस्तु करण्यापूर्वीं ती कागदावर मापासह उतरवितां आली पाहिजे, व दुसऱ्यानें उतरविलेली वाचतां आली पाहिजे.

मधलीं दोन वर्षें धंद्याच्या शिक्षणाचीं. स्थापत्य, यंत्रविद्या, तारायंत्र, इमारतींचें शिल्प, व्यावहारिक रसायन, खाणकाम व धातुविद्या यांपैकीं एक शाखा विद्यार्थी निवडी. या दोन वर्षांत सहा महिने कॉलेजांत व सहा महिने कामावर, अशी पाळी असे. जें वर्गांत ऐकलें तें कारखान्यांत हातानें करावयाचें. आणि कारखान्यांत जें अडलें तें घेऊन पुन्हां वर्गांत यावयाचें. ही पाळी डायरसाहेबांच्या पद्धतीचा गाभा होय. शेतकऱ्यास हें सहज समजेल. नांगरणी व पाऊस एकामागून एक आले तर जमीन पिकते. सहा वर्षें नुसता पाऊस व मग सहा वर्षें नुसती नांगरणी, यानें पिकत नाहीं.

शेवटचीं दोन वर्षें संपूर्णपणें प्रत्यक्ष कामाचीं. विद्यार्थी सरकारी खाणींत, रेल्वेच्या कामांवर, गोद्यांत किंवा कारखान्यांत जात. टोकिओमधील आकाबाने येथें सरकारचा यंत्रें बनविण्याचा कारखाना होता. तेथें वाफेचीं इंजिनें व निरनिराळीं यंत्रें तयार होत, व विद्यार्थी त्यांत कारागिरांच्या खांद्याला खांदा लावून काम करीत. तेथें चूक झाली तर खोडरबरानें पुसतां येत नसे. माप चुकलें तर तुकडा वायां जाई. अखेरीस प्रत्येकानें आपल्या शाखेवर प्रबंध लिहावयाचा, व तोही शक्यतों एखाद्या खऱ्या कामावर.

ही व्यवस्था सोपी नव्हती. विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळ सामुराई घराण्यांतील होते. पिढ्यान् पिढ्या त्यांच्या घरीं शस्त्र व शास्त्र यांचा मान होता. कोळशानें काळे झालेले हात हें कारागिराचें लक्षण. १८७६ सालीं सरकारनें तलवारी बाळगण्याची मनाई केली, व त्याच वर्षीं त्यांचे वंशपरंपरागत तनखे बंद झाले. ज्यांचें जुनें जगच ढांसळलें, अशा घरांतील हीं मुलें कानस हातीं घेऊन उभीं राहिलीं. त्यांस हातकाम शिकविणें म्हणजे केवळ कौशल्य शिकविणें नव्हे, तर जुना अभिमान टाकून नवा मान कमावण्यास शिकविणें होतें. सरकारी खर्चानें शिकलेल्या विद्यार्थ्यांस पुढें सात वर्षें सरकारची नोकरी करण्याची अट होती.

डायरसाहेबांस शिक्षकही चांगले लाभले. विल्यम एअर्टन यांनीं विद्यार्थ्यांनीं स्वतः प्रयोग करावे म्हणून विजेची प्रयोगशाळा उभारली. अशी विद्यार्थ्यांसाठीं केलेली प्रयोगशाळा त्या काळीं जगांत क्वचितच होती. जॉन पेरी यांनीं गणित हें करून पाहण्याची गोष्ट केली. जॉन मिल्न यांनीं खाणविद्या शिकविली, व जपानांतील भूकंप पाहून भूकंपशास्त्राचा पाया घालण्यास हातभार लावला. जोसाया काँडर हे १८७७ सालीं इमारतींचें शिल्प शिकविण्यास आले.

झाड फळांवरून ओळखावें

१८७९ सालीं पहिले २३ विद्यार्थी उत्तीर्ण झाले. त्यांतील अकरा जणांस अधिक शिक्षणासाठीं ब्रिटनला पाठविण्यांत आलें. त्या पहिल्याच तुकडीचीं कांहीं नांवें पाहा. तात्सुनो किंगो हे इमारतींचे शिल्पकार झाले. १८९६ सालची बँक ऑफ जपानची इमारत व १९१४ सालचें टोकिओ स्टेशन हीं त्यांचीं कामें. १८८४ सालीं ते आपले गुरु काँडर यांच्याच जागीं प्राध्यापक झाले. ताकामिने जोकिची हे रसायन शिकले, व पुढें अमेरिकेंत ॲड्रेनलिन हें औषधी द्रव्य शुद्ध रूपांत काढून जगप्रसिद्ध झाले. शिदा रिन्झाबुरो हे विजेची विद्या शिकून आपल्याच कॉलेजांत गुरु झाले. गुरूची जागा शिष्यानें घेणें, हाच या कॉलेजचा हेतु होता, व तो थोड्याच वर्षांत सफल होऊं लागला.

सर्वांत बोधप्रद गोष्ट तानाबे साकुरो या विद्यार्थ्याची आहे. राजधानी टोकिओस गेल्यामुळें जुनें क्योतो शहर ओस पडूं लागलें होतें. जवळच्या बिवा सरोवराचें पाणी डोंगर फोडून कालव्यानें शहरांत आणावें, असा विचार तेथें चालला होता. तानाबे यांनीं हाच विषय आपल्या प्रबंधासाठीं घेतला. ते स्वतः डोंगरांत हिंडले, मोजणी केली. त्या कामांत त्यांच्या उजव्या हाताला इजा झाली. तेव्हां त्यांनीं डाव्या हातानें नकाशे काढून प्रबंध पुरा केला. १८८३ सालीं ते उत्तीर्ण झाले, व क्योतोच्या गव्हर्नरांनीं तें काम याच तरुणावर सोंपविलें. १८८५ सालीं काम सुरू झालें व १८९० सालीं पाणी क्योतोस पोहोंचलें. कालव्यावरील पहिला बोगदा २,४३६ मीटर लांब होता. पूर्वीं असलीं मोठीं कामें परदेशी इंजिनियरांच्या देखरेखीखालीं होत. हें काम जपानी माणसांनीं स्वतः केलें. आरंभीं पाण्यावर चाकें फिरवून गिरण्या चालवाव्या असा बेत होता. पण काम चालूं असतां तानाबे यांनीं अमेरिकेस जाऊन पाण्यापासून वीज कशी करतात तें पाहिलें, व बेत बदलला. १८९१ सालीं तेथें विजेचें केंद्र सुरू झालें, व १८९५ सालीं त्या विजेवर क्योतोच्या रस्त्यांत ट्राम धांवूं लागली. शाळेंत लिहिलेल्या एका प्रबंधानें एका शहरास पुन्हां जीव आणला.

दुसरे एक विद्यार्थी वातानाबे काइची. ते पुढें ग्लासगोस शिकले व स्कॉटलंडांतील फोर्थ नदीच्या प्रचंड रेल्वेपुलावर इंजिनियर झाले. हा पूल आपला भार कसा तोलतो, हें सामान्य लोकांस कळावें म्हणून एक युक्ति योजिली गेली. दोन माणसें खुर्च्यांवर हात पसरून बसलीं. त्यांच्या हातांखालीं काठ्यांचे आधार दिले. बाहेरच्या बाजूंस विटांचें ओझें टांगलें. आणि मधल्या फळीवर वातानाबे यांस बसविलें. कोणासही न दमवितां मधला माणूस अधांतरीं तोलला गेला. त्या देखाव्याचें छायाचित्र आजही विद्यार्थ्यांस दाखवितात. जें पुस्तकांत दहा पानें घेईल, तें दोन खुर्च्या व कांहीं विटा यांनीं एका दृष्टिक्षेपांत कळतें.

या योजनेंत उणेपणा नव्हता असें नव्हे. जपानांत खासगी कारखाने फार थोडे असल्यामुळें विद्यार्थ्यांस सरकारी कामांवरच अवलंबून राहावें लागे, व शिकून निघाल्यावरही बहुतेक जण सरकारी नोकरींत जात. परंतु यामाओ यांनीं सांगितल्याप्रमाणें माणसें आधीं तयार झालीं, व उद्योग मागून आले. १८८६ सालीं हें कॉलेज टोकिओच्या साम्राज्य विद्यापीठांत सामील झालें.

मायदेशीं परत

१८८२ सालीं, नऊ वर्षांच्या सेवेनंतर, डायरसाहेब स्वदेशीं परतले. जपानच्या सम्राटांनीं त्यांस उगवत्या सूर्याचें मानचिन्ह दिलें. वय अवघें ३४. ज्यानें एका राष्ट्रास यंत्रविद्या शिकविली, त्यास आपल्या देशांत मोठी जागा मिळेल असें कोणासही वाटावें. पण तसें झालें नाहीं. विद्यापीठांतील प्राध्यापकाची जागा त्यांस मिळाली नाहीं. परदेशांत जें चाललें तें येथेंही चालावें, हें ऐकण्यास जुन्या वळणाचे लोक तयार नव्हते.

यानें ते कडवट झाले नाहींत. त्यांनीं खालच्या पायरीपासून काम धरलें. ज्या अँडर्सन कॉलेजांत ते रात्रीं शिकले होते, त्याच्या व्यवस्थेंत त्यांनीं लक्ष घातलें. १८८७ सालीं तें कॉलेज व इतर संस्था एक होऊन ग्लासगो येथें मोठें टेक्निकल कॉलेज झालें. त्याच्या अभ्यासक्रमाच्या रचनेंत डायरसाहेबांचा मोठा हात होता. हीच संस्था वाढत वाढत १९६४ सालीं स्ट्रॅथक्लाईड विद्यापीठ झाली. १८९१ पासून ते ग्लासगोच्या स्कूल बोर्डाचे सभासद होते, व १९१४ पासून त्याचे अध्यक्ष. त्यांचे जुने सहकारी एअर्टन व पेरी यांनींही जपानांतील अनुभव लंडनच्या फिन्सबरी टेक्निकल कॉलेजांत आणला. चौकटींच्या कागदावर आलेख काढून गणित शिकविण्याची जी रीत आज शाळाशाळांतून आहे, तिचा मोठा पुरस्कार पेरी यांनीं केला. म्हणजे जपानास दिलेली शिकवण फिरून गुरूंच्या देशास उपयोगीं पडली.

डायरसाहेबांनीं ग्रंथही लिहिले. १८९५ सालच्या ग्रंथांत त्यांनीं उद्योगधंद्यांच्या वाढीचा समाजावर काय परिणाम होतो, याचा विचार केला. १९०४ सालच्या ग्रंथांत जपानच्या उदयाचें वर्णन केलें. यंत्र करणाऱ्यास त्या यंत्रापासून कामगारांचें बरें होतें कीं वाईट, हेंही कळलें पाहिजे, असें त्यांचें मत होतें. म्हणून इंजिनियराच्या शिक्षणांत भाषा व सामान्य ज्ञान यांस त्यांनीं आरंभापासून जागा दिली होती. ग्लासगोस शिकावयास येणाऱ्या जपानी तरुणांस त्यांचा शेवटपर्यंत आधार होता. २५ सप्टेंबर १९१८ रोजीं ग्लासगो येथें त्यांचा अंत झाला.

आपण काय घ्यावें

वाचकहो, डायरसाहेबांजवळ पैसा नव्हता, मोठें घराणें नव्हतें, पांढरे केसही नव्हते. त्यांजवळ स्वतःच्या अंगावरून गेलेला एक अनुभव होता : हात दिवसां शिकतो व बुद्धि रात्रीं शिकते, यांत माणूस थकतो व विद्या अर्धी राहते. आपल्यास जें दुःखानें मिळालें तें दुसऱ्यास सुखानें मिळावें, एवढ्यासाठीं त्यांनीं ती सहा वर्षांची रचना केली.

आपल्याकडे शिकलेल्या मुलानें हातकाम करूं नये, अशी समजूत अजून पुष्कळ घरांत आहे. आईबापांनीं काबाडकष्ट केलेले असतात, म्हणून मुलाच्या हातीं हत्यार दिसूं नये असें त्यांस वाटतें; त्यांच्या मनांतील व्यथा खोटी नाहीं. पण त्यामुळें मुलगा कारण शिकतो आणि हात हरवितो. गांवांत जे शिक्षक व उपदेशक आहेत, त्यांनीं एवढें तरी करावें. तरफेचा धडा आला कीं मुलांस विहिरीवर न्यावें व पहारेनें धोंडा उचलावयास लावावा. मापें शिकवितांना सुताराच्या हातची पट्टी मागून आणावी. सुताराचा, लोहाराचा, गवंड्याचा मुलगा वर्गांत असेल तर त्याला मागच्या बांकावर न बसवितां, त्याच्या घरीं काय करतात तें सर्वांस दाखवावयास सांगावें, आणि तसें कां करतात याचा शोध सर्वांनीं मिळून करावा. यास पैसा लागत नाहीं.

आणि शाळेंतून घरीं आलेल्या मुलास आज काय पाठ केलें, एवढेंच न विचारतां, आज काय करून पाहिलें, हेंही विचारीत जावें.